अर्धी रास

रास मोजायला बसण्याआधी शुक्रीनं चूळ भरली, पदर डोक्यावरून घेतला आणि खळ्याबाहेर चपला काढल्या. शेणानं सारवलेल्या खळ्यावर मधोमध भाताची रास होती. राशीच्या डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलेलं, बाजूला कोयता रोवलेला. तिनं राशीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकलं. सकाळपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. तसं दिव्याआधी ते रोजच नसे. आधी देवाला दिवा, मग पाणी, हा तिचा लग्नापासूनचा नेम. पण राशीच्या दिवशी घर कणसरीचं, धान्यदेवीचं असतं, म्हणून रास कणग्यात पडेपर्यंत ती काहीच घेत नसे.

"कॅप्टन, बंदूक कठं तुझी?" नारूनं विचारलं. नारू शेजारचा, शुक्रीच्या नवऱ्याच्या, लडक्याच्या बरोबरीचा. खळ्यापासून घरापर्यंत टोपल्या वाहायचं काम त्याच्याकडे होतं.

लडक्या राशीच्या पायथ्याशी काठी घेऊन राखणीला बसत होता. ते घरातल्या थोरल्या पुरुषाचं काम. तो त्याला संत्री ड्युटी म्हणायचा. शिपाई म्हणून भरती होऊन ऑनररी कॅप्टन होऊन परत आलेला माणूस, पण खळ्यावर तो नेहमी बनियन आणि लंगोटावरच यायचा.

"संत्रीला बंदूक नसली तरी चालतं, नारू. डोळं उघडं लागतात आणि तोंड बंद. तुझं दोन्ही उलटं."

संगिता, त्यांची सून, पदराआड हसली. लडक्या उठला, शुक्रीपुढं ताठ उभा राहिला आणि काठी खांद्याला लावून म्हणाला, "शुक्री साब, परमिशन?"

"बस आता. केस पांढरं झालं तरी पोरपणा जात नाय."

"जी साब."

शुक्रीनं पायली हातात घेतली. "कणसरी माय, घरात ये," असं ती पुटपुटली, आणि खळं गप झालं.

पायली हातात घेतली की रास संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हे पाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. खोकला आला तर तोंड फिरवून दाबायचा. काही हवं असलं तर हातानं खूण करायची. बोललं की कणसरी बिचकते आणि उठून दुसऱ्याच्या खळ्यावर जाते. लडक्या तर यात फारच कडक. एका वर्षी विंचू पायाजवळून गेला तेव्हाही त्यानं तो काठीनं दाबून धरला आणि रास संपल्यावरच सांगितलं.

शुक्री पूर्वेकडे तोंड करून बसली. लडक्या तिच्या पाठीमागे होता. भात पायलीत पडायचा, पायली टोपलीत रिकामी व्हायची, संगिता टोपली उचलून नारूच्या डोक्यावर द्यायची. एवढाच आवाज होता. दूर गंजाडच्या रस्त्यावर एखादा टेम्पो जायचा तेवढंच.

संगिताला आधी दिसलं ते लडक्याचं कपाळ. नोव्हेंबरची सकाळ, अंगावर काटा येईल असा गारवा, आणि बाबांच्या कपाळावरून पाण्यासारखा घाम चाललेला. डाव्या दंडाला ते उजव्या हातानं चोळत होते. तिनं टोपली खाली ठेवली. तिचे ओठ उघडले.

लडक्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

वर थोडासा हसलाही. मग त्यानं हातानं खूण केली, चालू दे. संगितानं टोपली उचलली. पित्त असेल, तिला वाटलं. बाबांनी सकाळी नुसता चहा घेतला होता.

नारू घरातून परत आला तेव्हा लडक्यानं काठीवर गाल टेकला होता. संत्री झोपला, असं समजून नारूला गंमत वाटली. त्यानं कानाजवळ चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली. मग खांद्याला हात लावला, आणि काठी घसरून खळ्यावर पडली.

तरीही नारू ओरडला नाही. तो धावत शुक्रीपुढं आला, तोंड उघडत, मिटत, दोन्ही हात हलवत. शुक्रीनं डोळे वटारले. राशीच्या वेळी हा काय चाळा! नारूच्या तोंडातून काही येईना, नुसती लाळ आली. मग शुक्री मागं वळली.

पायली तिच्या हातात तशीच होती, अर्धी भरलेली.

*

जीपमध्ये लडक्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, डोळ्यांत बॅटरी टाकली आणि नळी आपल्या गळ्यातून काढून ठेवली. तरुण डॉक्टर होता, आवाज चढवून बोलला नाही.

"दुखायला कधी लागलं होतं?"

नारूनं शुक्रीकडे पाहिलं.

"म्हणजे, त्यांनी सांगितलं असेल ना? घाम? हात दुखतोय वगैरे?"

"रास मोजत होतो," नारू म्हणाला.

"बरं. मग?"

"राशीला बोलत नाय."

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिला. मागं बाकावर बसलेल्या कुठल्याशा बाईनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणतो तो?" शेजारणीनं सांगितलं, आणि ती बाई "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवून शुक्रीकडे बघायला लागली. शुक्रीच्या नखांत, केसांत भाताचा भुसा होता. पायात चपला नव्हत्या. त्या खळ्याबाहेर राहिल्या होत्या.

तिथून शुक्री बोलायची थांबली.

मिथुन, त्यांचा मुलगा, उंबरगावच्या कारखान्यातून पहिल्या पाळीचा डबा तसाच घेऊन आला. अंगणात बाप झोपवलेला पाहून तो आधी रडला नाही. त्यानं नारूला विचारलं, संगिताला विचारलं, पुन्हा नारूला विचारलं. त्याला ते उलगडेना.

"तिघं होतात ना तुम्ही? तिघं! एकाला पण तोंड नव्हतं?"

"त्यांनीच बोट ठेवलं ओठावर," संगिता म्हणाली. "मी बोलतच होते..."

"आणि तू गप बसलीस! लोकं मोबाईलवर अॅम्ब्युलन्स बोलावतात, आणि माझ्या घरात चुटक्या वाजवतात!"

नारू ओट्याच्या खांबाला टेकून बसला होता. तो उठून गेला नाही. खाली मान घालून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

पाड्यातल्या प्रत्येक घरातून एक एक लाकूड आलं. डहाणूहून माजी सैनिक आले, त्यांनी तिरंगा पांघरला, शिस्तीत सलाम केला. चिता पेटली तेव्हा बाया रडत होत्या, लडक्याची थोरली बहीण हिरी छाती पिटत होती. शुक्री ताठ उभी होती. तिचे ओठ मिटलेले होते, इतके घट्ट की कडांना पांढरे झाले होते.

*

रास तशीच खळ्यावर राहिली.

सुतकात देवाला दिवा नव्हता, तरी शुक्री पहाटे उठायची, आंघोळ करायची, देव्हाऱ्यापुढं बसायची आणि हात मांडीवर ठेवून उठायची. संगिता पेज समोर ठेवायची. शुक्री दोन घोट घ्यायची, बाकी वाटी सरकवायची. जुन्या तांदळाची पेज. नवा भात घरात शिजला नव्हता. अर्धा कणग्यात, अर्धा खळ्यावर, आणि कणसरी मधल्या वाटेवर.

"आई, जराशी खा ना."

शुक्री तिच्याकडे बघायची. नजर रागाची नसायची, ओळखीचीही नसायची.

भारे झोडून उरलेला पेंढा उचलायचा होता, गुरांचं बघायचं होतं, राशीवरून कोंबड्या हाकायच्या होत्या. संगिता आणि नारू दोघं मिळून ते करत. नारू आता फारसा बोलायचा नाही. एकदा पेंढ्याचा भारा बांधताना म्हणाला, "मी चुटकी वाजवली त्याच्या कानाशी. दोनदा. मस्करी म्हणून." संगितानं दोरी आवळली.

मग आभाळ आलं. नोव्हेंबरात आभाळ म्हणजे समुद्रात काहीतरी झालेलं असतं. मोबाईलवर मिथुनला मेसेज आला, वादळ, पाऊस, मच्छीमारांनी जाऊ नये. त्यानं राशीवर ताडपत्री टाकली, कडेला दगड ठेवले. दुपारी घामट ऊन, संध्याकाळी वारा. ताडपत्रीखाली भात गरम लागायला लागला. संगितानं हात घातला तर ओलसर वाफ.

"उगवंल हा," ती म्हणाली. "नाहीतर कुजंल."

"व्यापाऱ्याला देऊन टाकू," मिथुन म्हणाला. "मला तो भात डोळ्यांपुढं नको."

हिरी ओट्यावर बसून तंबाखू मळत होती. भावापेक्षा थोरली, कमरेत वाकलेली, पण पाड्यात तिच्या शब्दाला मान होता. "व्यापाऱ्याला? अरे, कणसरी अर्धी घरात हाय. अर्धी विकशील? जिनं रास उघडली तीच मोजंल. तशीच, गप राहून. माझ्या भावानं जीव दिला पण राशीचा बोल मोडला नाय."

"जीव दिला नाय, आते. गेला. फुकट गेला."

"तू शिकलास ना, म्हणून तुला फुकट वाटतं."

"मग मोजा! मोजा गप बसून! मागं कोण बसवणार राखणीला? नारूकाकाला बसवा. उद्या तो पण जाईल!"

हिरीनं तंबाखू टाकून दिला. आतल्या खोलीत शुक्री भिंतीला टेकून बसलेली सगळ्यांना दिसत होती. हिरी तिच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "शुक्रे, उठ. भात कुजला तर त्याचा आत्मा भुकेला राहंल."

शुक्री उठली. खळ्याच्या कडेपर्यंत गेली. राशीच्या पायथ्याशी लडक्याची काठी अजून पडलेली होती. कुणीच उचलली नव्हती. ती काठीकडे बघत उभी राहिली, शेवटी संगितानं तिला धरून परत आणलं.

*

रविवारी शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांनी श्रद्धांजली सभा ठेवली. सायवनचे, तलासरीचे, डहाणूच्या किनाऱ्याचे लोक आले. टेबलावर लडक्याचा वर्दीतला फोटो, हार, उदबत्त्या. आभाळ काळं, मंडपाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. शुक्रीला पुढच्या खुर्चीत बसवलं. प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेता येईनात, म्हणून ती काठावर टेकल्यासारखी बसली होती.

सुभेदार नविन डहाणूच्या मच्छीमार कुटुंबातले. त्यांनी माइक हातात घेतला. भरतीचं साल, पलटण, लडाख, कुपवाडा, आसाम, मेडल. "कॅप्टनसाहेबांनी देशाची सेवा केली आणि कुटुंबाचीही तितकीच केली. असा माणूस पुन्हा होणे नाही." कागदावरचं संपलं तेव्हा ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "आता आपण सगळे उभे राहून दोन मिनिटं मौन पाळू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. माणसं हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली. माइक बंद झाला.

पटांगण गप झालं.

संगितानं सासूकडे पाहिलं. शुक्री मान वर करून सगळीकडे बघत होती, एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे. सगळी तोंडं मिटलेली. तिच्या कपाळावर घाम आला. तिनं मागं वळून पाहिलं, जसं खळ्यावर पाहिलं होतं.

"गप नका राहू!"

तो आवाज तिचा होता हे मिथुनलाही पटकन कळलं नाही. इतके दिवस न वापरलेला, फाटलेला.

"गप नका राहू! बोला! कुणीतरी बोला ना! माणूस जातंय अठं, आणि तुम्ही माना घालून उभं राहतास! नविनभाऊ, बोल! नारू, तू बोल! तोंड हाय ना तुमाला? ओरडा!"

सुभेदारांच्या हातातला माइक खाली आला. कुणी तिला धरायला पुढं झालं नाही. एक म्हातारी रडायला लागली, मग दुसरी. मिथुन धावत गेला, "आई, आई बस," म्हणत तिच्या खांद्याला धरायला लागला. तिनं त्याचा हात झटकला.

"मला बसायचं नाय. घरी चल. रास मोजायची."

*

ती चपला न काढता खळ्यावर चढली, मग आठवलं तशा काढून बाजूला फेकल्या. मिथुननं ताडपत्री ओढली. भाताचा उबट वास आला. डोंगराच्या बाजूनं आभाळ खाली उतरलं होतं. शुक्री पूर्वेकडे तोंड करून बसली नाही. ती राशीच्या पायथ्याकडे तोंड करून बसली, जिथं काठी पडली होती. पायली घेतली, भरली.

"तो बर्फात होता ना," ती म्हणाली.

हिरी खळ्याच्या कडेला पोचली होती. "शुक्रे! बोलू नको! कणसरी उठंल!"

"उठंल तर उठंल, हिरीबय. एक उठून गेला, तवा आपण कोण काय बोललो?" तिनं पायली टोपलीत ओतली. "बर्फात होता, तवा नवं पीक आलं की त्याच्या वाट्याचा भात मी मडक्यात ठेवायची. तो सुट्टीवर येईपर्यंत मी पण नवा खायची नाय. आणि तठं तो लंगरवाल्या आचाऱ्याला विचारायचा, हा भात नवा की जुना? लंगरवाला म्हणायचा, जवान, हा सरकारी हाय."

संगिता हसली. हसल्यावर घाबरली, हिरीकडे पाहिलं. हिरी हलली नाही. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"टोपली घे," शुक्री म्हणाली. "आणि तू बोल. टोपली उचलताना बोलत राहा."

संगितानं टोपली उचलली. "मी... मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या सकाळी चहा बाबांनीच केला. मला म्हणाले, नवीन भरती, चहा पिऊन घे, मग परेड. आणि बाळंतपणात बाळाची दुपटी त्यांनी ओढ्यावर नेऊन धुतली. बाया हसल्या, तर म्हणाले, फौजेत पँट धुतात, दुपटी लहान असतात."

नारूच्या डोक्यावर टोपली गेली. तो जागेवरून हलला नाही. टोपली घेऊन तसाच उभा राहून बोलायला लागला, "भरतीला आम्ही दोघं गेलू नाशिकला. तो सरावाला गंजाडपासून एसटीबरोबर धावायचा, ड्रायव्हर शिव्या घालायचा. तठं मला केस कापायला बसवलं, तसा मी पळून आलू. लडक्या राहिला. मला म्हणाला, केस पुन्हा येतील रे, मूर्खा. येडा होता तो. मीच येडा होतू."

"जा, टोपली टाकून ये," शुक्री म्हणाली, "आणि परत येऊन सांग पुढचं."

मिथुन उभाच होता. शुक्रीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो खाली बसला, सांडलेला भात हातानं राशीकडे ओढायला लागला. बराच वेळ तेवढंच करत राहिला.

"मी लहान होतो," तो म्हणाला. "बाबा सुट्टीवर आले, तर मी विचारलं, आई, हा काका कोण? तेव्हा ते गोठ्यामागं जाऊन रडले. मी बघितलं होतं. पुढच्या सुट्टीला दारातच उभे राहिले आणि म्हणाले, मिथुन, काका आला. प्रत्येक सुट्टीला तसंच. मग मी मोठा झालो तरी तसंच. जायच्या दोन दिवस आधी कंपनीत फोन केला, तेव्हापण म्हणाले, काका बोलतोय..."

आता तो रडला, मोठ्यानं, राशीत हात घालून. भात त्याच्या ओल्या बोटांना चिकटला. कुणी त्याला गप राहा म्हणालं नाही.

पायली भरत राहिली, रिकामी होत राहिली. नारू आला की बोलायचा, जाताना बोलत जायचा, घरात कणग्याजवळही त्याचा आवाज ऐकू यायचा. पाड्यातल्या बाया कडेला जमल्या होत्या. राशीजवळ बोलणारी माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. कुणी कानावर हात घेतले, कुणी पदर चावला. एकीनं धीर करून तिथूनच सांगितलं, "माझ्या पोराला त्यानं पोलिस भरतीला धावायला शिकवलं. पोरगा म्हणायचा, कॅप्टन शिव्या देत नाय, नुसतं बघतो." शुक्रीनं मान हलवली, ऐकलं म्हणून.

हिरी खळ्यावर आली. कुणीतरी अडवेल असं तिला वाटलं असावं, पण कुणी अडवलं नाही. ती वाकून वाकून चालत राशीच्या पायथ्याशी गेली. खाली पडलेली काठी उचलली, तिची माती पदरानं पुसली. भाऊ बसायचा तिथंच ती बसली, काठी खांद्याला लावून.

शुक्रीचा घसा बसला होता. बोलता बोलता ती थांबली. मिथुन हुंदके आवरत होता, नारू घरात होता, संगिता टोपली भरत होती. पायलीतून भात पडायचा तेवढा आवाज राहिला. शुक्रीचा हात पायलीवर थांबला. ती राशीच्या पायथ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ पुन्हा मिटायला लागले होते.

हिरीनं काठी जमिनीवर आपटली.

"बोल गं, शुक्रे," ती म्हणाली. "गप नको राहू. मी अठंच हाय. बोल."